मुळाशी तेल

बाबांनी ड्रॉपर दाबून तळहातावर तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर घासले आणि बोटं थेट केसांच्या टोपाच्या भांगात खुपसली. टोप खिडकीशी, लाकडी मुंडक्यावर चढवलेला होता. मुंडक्याला नाक होतं, डोळे नव्हते. त्याच्यासमोर स्टूल ओढून, मांडीवर जुना टॉवेल पसरून बाबा बसले होते आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल चोळत होते, भांगापासून कानाकडे, कानापासून मानेकडे. जिवंत माणसाच्या डोक्याला चोळावं तसं.

ठकी पिळलेल्या चादरींची बादली घेऊन गॅलरीकडे निघाली होती, ती दारातच थांबली.

"बाबा, चहा गार होतोय."

"होऊ दे."

टॉवेलवर केस गळत होते. लांब, काळे, तेलाने चमकणारे. बाबा प्रत्येक केस चिमटीत धरून वर्तमानपत्राच्या घडीत ठेवत आणि पुन्हा चोळायला लागत. ठकीने बादली दुसऱ्या हातात घेतली. टोपाच्या मुळाशी तेल लावायचं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती तशीच पुढे निघाली. गॅलरीत जाऊन तिने चादरी झटकल्या, चांगल्या जोरात, आणि चिमटे लावत बसली.

ते केस मूळचे तिचेच. आईचा उपचार सुरू झाला आणि तिच्या उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले, तेव्हा ठकीने आपली कमरेपर्यंतची वेणी कापून दिली होती. आई पोस्टाच्या खिडकीत बसायची. लोकांना आपलं डोकं आणि हात एवढंच दिसतं, तेव्हा निदान या दोन गोष्टी तरी धड असाव्यात, असा तिचा हट्ट होता. विग हा शब्द मात्र तिला रुचला नाही. "विग म्हटलं की नटीबिटी असल्यासारखं वाटतं, टोप म्हणा," असं तिने पहिल्याच दिवशी फर्मान काढलं आणि मग घरात तो टोपच झाला. खिडकीतून कुणी "केस छान ठेवलेत हो" म्हणालं, की ती गंभीर चेहरा करून सांगायची, "माझे नाहीत. लेकीकडून उसने आणलेत." समोरचा हसावं की नाही या पेचात पडायचा आणि आई शिक्का मारून मोकळी व्हायची.

टोपाबरोबर तेल आलं. विगवाल्या ताईंनीच सुचवलं होतं. डोक्यावरच्या केसांना डोकं तेल पुरवतं, या बिचाऱ्यांना कोण पुरवणार, म्हणून अधूनमधून आर्गनचं तेल. दूरदेशीच्या कुठल्याशा काटेरी झाडाच्या बियांचं, हलकं, चिकट न होणारं, भाजलेल्या दाण्यांसारखा मंद वास असलेलं. गडद काचेची बाटली इवलीशी होती. बाबांनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "एवढं तेल तर आमच्या गॅरेजात फडकं पितं."

पण कामाला लागले ते बाबाच. माणूस गिअरबॉक्सचा. सगळा बाजार त्यांना मिस्त्री म्हणे, आणि बिघडलेली गाडी नुसती दारातून आत येताना ऐकून ते रोग सांगत. आईच्या दुखण्यापुढे त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टर काय ते बोलायचे, बाबा मान हलवायचे, आणि घरी आल्यावर पाना हातात घेऊन नुसते बसायचे. मग हे तेलाचं काम त्यांच्या हाती आलं आणि त्यांना हायसं वाटलं. रविवारी सकाळी आई डोक्याला रुमाल गुंडाळून समोर खुर्चीत बसायची आणि बाबा टोपाची टोकं बोटांतून सोडवत राहायचे.

कामाची वाटणी आपोआप झाली होती. डोकं बाबांचं, हातपाय ठकीचे. औषधांनी आईची कातडी अशी कोरडी पडली होती, की कूस बदलली तरी चादरीवर खरखर ऐकू यायची. ठकी तेच तेल बोटावर घेऊन तिच्या कोपरांना, टाचांना, नखांच्या कडांना लावायची. आई डोळे मिटून म्हणायची, "दोघांनी मिळून माझी सर्व्हिसिंग काढलीये. आता नवीन गाडीसारखी पळते बघा."

ती पळाली नाही. ती गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. ठकीचं काम त्या दिवशी संपलं. बाबांचं उरलं.

आणि ते वाढतच गेलं. आधी टोकांना लागणारं तेल वर सरकलं. टोप निस्तेज दिसतो, असं बाबांना वाटायला लागलं होतं. तो दिसणारच होता, कारण तो कुणी घालत नव्हतं, धुवत नव्हतं, त्याला वारा लागत नव्हता. पण बाबांनी आपल्या धंद्याच्या हिशोबाने निदान केलं. तेल पत्र्याला चोळून काय उपयोग, जिथे जोड आहे तिथे गेलं पाहिजे. म्हणून मुळाशी. रविवारचं काम आठवड्यातून चारदा व्हायला लागलं. बाटल्या येत राहिल्या.

ठकीने सुरुवातीला एकदा म्हटलं होतं, "बाबा, मुळाशी लावायचं नाही म्हणाल्या होत्या ताई." बाबांनी ऐकलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे. ते टोपाशीच काहीतरी पुटपुटत होते. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती लॅबमधून नुकतीच आली होती. दिवसभर लोकांच्या दंडांना पट्टे बांधून रक्त काढायचं आणि प्रत्येकानंतर हात धुवायचे, त्यामुळे तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्या दिवशी एक भेग उघडून दाराच्या कडीला रक्त लागलं होतं. बाबांनी कडी पुसली. कुणाचं रक्त, हे विचारलं नाही. आणि समोर ते लाकडी डोक्याला विचारत होते, "आज फारच कोरडं वाटतंय का?"

तेव्हा तिच्या मनात आलं, गळू दे. सगळे गळू देत. जाळी उघडी पडू दे एकदाची. मग तरी हा माणूस मान वळवून बघेल, की घरात आणखी एक डोकं आहे.

असं मनात आलं म्हणून तिला स्वतःची शरम वाटली. पण शरम वाटूनही तिने सांगितलं नाही ते नाहीच. दोघांत बोलणं उरलं होतं ते गॅस, किल्ली आणि लाइटबिल एवढ्यापुरतं. त्यात हे कुठे बसवणार?

चादरींना चिमटे लावून ती आत आली, तर बाबा उठून उभे होते.

"इकडे ये जरा," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. "हे बघ."

भांगाच्या बाजूला रुपयाएवढी जागा रिकामी झाली होती. खालची बारीक जाळी आणि जाळीतून लाकूड दिसत होतं. बाबांनी त्यावर शेजारचे केस ओढून बघितले, तर तेही हातात आले. त्यांनी हात असा मागे घेतला, जणू चटका बसला.

"ताईंना दाखवायला हवं," ठकी म्हणाली.

"आजच जाऊ."

"आज बंद असेल."

"मग उद्या," बाबा म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. चहा तसाच कपात साय धरून पडला.

विगवाल्या ताईंचं दुकान चपला शिवणाऱ्याच्या वरच्या माळ्यावर होतं. अरुंद जिना, वर एक लांबट खोली. फळ्यांवर डोकीच डोकी, काही केसवाली, काही बोडकी. खिडकीशी दोन बायका भिंग लावून, हातातल्या बारीक आकडीने एकेक केस जाळीतून ओढून गाठी मारत बसल्या होत्या. ताई स्वतः पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर आणि जिभेला धार. त्यांनी टोप हातात घेतला, उलटा केला, आत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"मिस्त्री, टोपाला तेल लावलंय, की तेलाला टोप लावलाय?"

बाबांनी मान खाली घातली.

"गाडीला तेल कुठे घालता तुम्ही?"

"जोडाला."

"बरोबर. तिथला जोड हलायला हवा. इथला हलायला नको." ताईंनी जाळीवरची एक गाठ नखाने दाखवली. "हा बघा केस. गुळगुळीत. त्याची नुसती गाठ मारलेली, खाली ना कातडी ना मूळ. तिथे तेल गेलं की गाठ सरकते. एक सरकली की शेजारची. मी टोप दिला तेव्हा घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं, थेंबभर तेल, तेही टोकांना."

"मला कुणी सांगितलं नाही," बाबा म्हणाले.

ताईंपुरतं ते खरं होतं. त्या दिवशी ते खाली स्कूटरला जागा शोधत होते. वर आई होती आणि ठकी होती. ताईंनी चष्म्यावरून ठकीकडे बघितलं.

"तुला सांगितलं होतं ना गं?"

"हो," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राच्या घड्या काढून टेबलावर मांडल्या, अगदी हळू, औषधाच्या पुड्या मांडाव्यात तशा. "एकही फेकलेला नाही. हेच परत बसवून द्या."

ताईंनी एक पुडी उघडली, केस बोटांवर घेतले आणि त्यांच्या आवाजातली धार कमी झाली.

"हे नाही चालायचे हो. केसाला मूळ असतं आणि टोक असतं, दिशा असते. आम्ही कापताना बांधून घेतो, ती दिशा शेवटपर्यंत मोडू देत नाही. हे सगळे मिसळलेत. उलटसुलट बसवले, की पहिल्या कंगव्याला गुंता." त्यांनी पुडी मिटली. "तेल काढून, धुऊन, उरलेले घट्ट करून देते. गेले तिथे दुसरे बसवते. माझ्याकडे जुळणारे आहेत."

"दुसऱ्या कुणाचे?"

"असतात. विकत घेतो आम्ही."

"नको," बाबा म्हणाले. "परक्याचे नकोत. तिचेच पाहिजेत."

खिडकीतल्या दोघींपैकी एकीचा हात थांबला. ताई सावकाश म्हणाल्या, "मिस्त्री, हे वहिनींचे कुठे होते? हे हिचे."

बाबा वळले. वर्षभर ठकी ज्याची वाट बघत होती ते झालं. त्यांनी मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. नजर तिच्या कपाळावरून वर गेली, भांगावरून मागे गेली, खांद्यावरून खाली उतरली आणि केस संपले तिथे थांबली. चेहऱ्यावर ती आलीच नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"एकदा बोलले होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

"परत सांगायचं."

"हो," ठकी म्हणाली. "सांगायला हवं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते आत जाऊन कपडे बदलून आले आणि गॅस संपत आलाय म्हणाले.

मधले दोन दिवस तसेच गेले. लाकडी मुंडकं बोडकंच खिडकीशी बसून होतं, कारण टोप ताईंकडे तेल काढायला ठेवला होता. बाबांच्या हातांना काम नव्हतं. ते नळाची चकती बदलत, दाराला तेल देत, नसलेली कुरकूर शोधत घरभर फिरत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठकी लॅबमधून आली, हात धुतले, केस सोडले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत विंचरायला बसली. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"किती झालेत गं आता?" ते म्हणाले.

तिला प्रश्न कळला. आधीच कळला होता, ताईंकडे, त्या नजरेतच. तरीही तिचा कंगवा थांबला.

"बघा तुम्हीच," ती म्हणाली.

बाबा मागे आले. ती लहान असताना, आईला कामावर जायची घाई असली की कधीमधी बाबा तिची वेणी घालत. आखडलेली, तारा वळल्यासारखी वेणी. तेव्हा ती लाकडाच्या बाहुलीसारखी न हलता बसायची, म्हणून तर आईने तिचं नाव ठकी ठेवलं होतं. आताही ती न हलता बसली. बाबांचा हात तिच्या मानेशी टेकला. अंगठा केसांच्या मुळाशी, करंगळी खाली ताणलेली. मग हात उचलून त्यांनी पुढे चार बोटं ठेवली.

"एक वीत नि वर चार बोटं," ते म्हणाले. पाइप मापावा तसा तो हात होता. चुकूनसुद्धा रेंगाळला नाही. "ताई म्हणाल्या होत्या, वीतभर असले तरी पुरतात."

म्हणजे ते तिच्या नकळत ताईंना फोन करून मोकळे झाले होते. ठकीला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या मागोमाग रडू आलं. दोन्ही तिने गिळलं. आपण या घरात आहोत ते केस वाढवायला, असं तिला वाटलं. आजारी का होईना, आई असती तर तिने टाळूपासून केस दिले असते आणि वर आनंदाने दिले असते. हे डोकं लाकडाचं होतं. पण टोप उघडा पडला तो आपण गप्प बसलो म्हणून, हे तिच्या मनातून जात नव्हतं. त्याचं देणं देऊन टाकावं आणि मोकळं व्हावं.

"शनिवारी मला सुट्टी आहे," ती म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांना किती हायसं वाटलं, ते त्यांच्या आवाजातूनच कळलं. त्यांनी स्वतःहून चहा टाकला. तिच्यासाठीही टाकला. किती महिन्यांनी कोण जाणे.

शनिवारी दुकानात त्यांच्याशिवाय एकच गिऱ्हाईक होतं. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधलेली एक बाई, बाकावर बसून मासिकाची पानं उगाच उलटत होती. तिला भुवया नव्हत्या, तिथे पेन्सिलीच्या रेघा होत्या. ठकीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बघण्याची तिची हिंमत झाली नाही.

ताईंनी ठकीला आरशासमोर बसवलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. हात कापडाखाली गेले. ताईंनी केस विंचरले, मागे घेऊन एक जाड वेणी घातली, वरच्या बाजूला मानेशी आणि खाली टोकाशी रबर लावले. काम करताना त्या बोलत नव्हत्या. टोप टेबलावर होता, धुतलेला, मलूल, भांगाशी जाळी उघडी.

"विचार केलायस ना?" त्यांनी ठकीच्या कानाशी हळूच विचारलं.

"हो."

"मिस्त्री, इकडे या. माझ्या गाठी मारणाऱ्या बायका आज नाहीत, तेव्हा धरायला तुम्हीच. वेणी अशी धरा. वरचं रबर तुमच्या मुठीच्या वर दिसलं पाहिजे. कापून झालं तरी हात सोडायचा नाही. मुळाकडची बाजू वर ती वर. सुटली, मिसळली, की परत त्या पुड्यांसारखी गत."

बाबा पुढे आले. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी वेणी हातात घेतली, जशी सांगितली तशी, घट्ट. ठकीला आरशात त्यांचा शर्ट दिसत होता आणि मूठ. चेहरा आरशाच्या वर गेला होता.

ताईंनी कात्री उघडली. "अहो, मूठ रबराच्या वर कुठे गेली? मला तिथेच कापायचंय. खाली घ्या."

मूठ हलली. पण खाली नाही, वर.

"खाली, खाली."

"हो," बाबा म्हणाले. आणि मूठ आणखी वर सरकली, मानेला लागली. ठकीला त्यांच्या बोटांवरचे घट्टे मानेच्या खळग्यात जाणवले.

"गरम आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"इथे. मुळाशी. गरम आहे."

"मग? डोकं आहे ते," ताई म्हणाल्या. "जिवंत माणसाचं गरमच असतं. हात काढा, मिस्त्री."

बाबांनी मूठ उघडली. वेणी सुटून ठकीच्या पाठीवर पडली. हात मात्र खाली आला नाही. तो वर चढला आणि तिच्या डोक्यावर पसरला, सगळा, पंजा उघडून, टाळूपासून कानापर्यंत. जड, खरबरीत, नखांच्या कडेला वर्षानुवर्षांचं काळं असलेला. आणि तिथेच राहिला. ताई कात्री घेऊन या बाजूला आल्या, त्या बाजूला गेल्या. जिकडे कात्री तिकडे दुसरा हात.

"अहो, हात काढा म्हणते ना."

"नाही निघत," बाबा म्हणाले.

मग ते आरशात वाकले. त्यांना लेकीचा चेहरा बघायचा होता, आणि डोक्यावरचा हात न उचलता तो बघायचा दुसरा मार्ग नव्हता. ठकीने डोळे वर केले. दोघांनी एकमेकांना आरशात बघितलं. बाबा किती म्हातारे झालेत, हे तिला तेव्हा दिसलं. त्यांना काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, "वाळलीस गं. केवढी वाळलीस तू."

ताईंनी कात्री मिटून टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी टोपाकडे बोट केलं.

"मग याचं काय करू? आत्ता बसवले नाहीत तर उरलेलेही टिकायचे नाहीत. मी आधीच सांगून ठेवते."

बाबांनी टोपाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, स्टेशनवर गाडी हलल्यावर खिडकीतल्या माणसाकडे बघतात तसं.

"गळू देत," ते म्हणाले.

आणि मग त्यांना रडू फुटलं. आई गेली त्या दिवशी ते रडले नव्हते. त्या दिवशी त्यांनी खुर्च्या मोजून आणल्या, मोजून परत केल्या. रडायची सवय नसलेल्या माणसासारखं ते रडत होते, मोठ्याने, नाकातून आवाज काढत, मधेच खोकत. माळ्यावरची सगळी डोकी आपापल्या फळ्यांवर गप्प होती. ठकी त्या हाताखाली बसून रडत होती. आई आता खरंच गेली, असं तिला वाटलं. ती जाऊ नये म्हणून दोघांनी इतके दिवस दार धरून ठेवलं होतं.

बाकावरची बाई मासिक बाजूला ठेवून उठली. तिला बाकावरून दिसलं होतं ते एवढंच. खुर्चीत बसलेली मुलगी, टेबलावर कात्री, आणि ओक्साबोक्शी रडणारा बाप. तिने आपल्या परीने अर्थ लावला. ती जवळ आली, रुमाल सारखा केला आणि बाबांच्या दंडाला हात लावून अगदी समजुतीने म्हणाली,

"नका हो रडू. केसच आहेत. परत येतात."

ताईंनी कात्री खणात टाकली.

बाबांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, खरोखर पटल्यासारखी. "हो," ते म्हणाले. "हो ताई. येतात." मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. ठकीचे हात कापडाखाली अडकलेले होते, म्हणून त्यांनी आधी तिचे डोळे पुसले आणि मग आपले.